फाउस्तिनाचा अंबाडा

माझ्याकडे फाउस्तिनाची सात नाणी आहेत. सगळी चांदीची, १७-१८ मिलिमीटरची, म्हणजे आपल्या रुपयाहून लहान. सगळी एकाच बाईची. पण खिडकीपाशी एका ओळीत मांडली की सात वेगळ्या बायका शेजारी शेजारी येऊन बसल्यासारख्या वाटतात. एकीची मान लांब आणि तिच्यावर दोन नाजूक वळ्या. एकीची हनुवटी आत ओढलेली. एकीचा डोळा चेहऱ्याच्या मानाने फार मोठा, बाहुलीसारखा. एकीच्या डोक्यावरून पदर आलेला. एक तर चक्क थकलेली दिसते, नाकापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत एक घडी उतरलेली.

ही थोरली फाउस्तिना, रोमचा सम्राट अँटोनिनस पायस याची बायको. थोरली म्हणायचं कारण, तिच्या मुलीचंही नाव फाउस्तिनाच होतं. नवरा इ.स. १३८ मध्ये गादीवर आला आणि इ.स. १४० च्या सुमारास ती वारली. सिनेटने तिला देवत्व दिलं. रोमच्या फोरममध्ये तिचं देऊळ उभं राहिलं. त्याचं पुढे चर्च झालं, पण दर्शनी खांब अजून तिथेच आहेत. नवरा तिच्यामागे वीस वर्षं जगला, आणि तेवढी सगळी वर्षं तिच्या चेहऱ्याची नाणी पाडली जात राहिली. त्यांवर लिहिलेलं असतं ‘दिवा फाउस्तिना’. या ‘दिवा’चा अर्थ देवत्व पावलेली. हा लॅटिन शब्द आपल्या देव आणि दिव्य या शब्दांचा सख्खा नातलग आहे, हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

वीस वर्षं पाडली गेली, म्हणून ही नाणी अतोनात आहेत. बाजारात त्यांना ‘कॉमन’ म्हणतात. मी इंग्लंडात ब्रिस्टलमध्ये राहायला आले त्या वर्षी एका शनिवारच्या बाजारात पहिली फाउस्तिना घेतली. विकणारे आजोबा भले होते. ट्रेमधून नाणं काढून देताना म्हणाले, हे अगदी साधं आहे, थोडे पैसे साठवा आणि पर्टिनॅक्स घ्या. पर्टिनॅक्स इ.स. १९३ मध्ये जेमतेम ८७ दिवस सम्राट होता. त्यामुळे त्याची नाणी कमी, म्हणून कित्येक पट महाग. त्यांच्या सल्ल्यात खोट नव्हती. पण त्या ८७ दिवसांचं मोल चेहरा कसा कोरलाय यावर ठरत नाही, किती नाणी उरली यावर ठरतं. मला चेहरा हवा होता.

हा चेहरा कसा घडायचा, हे समजून घेतल्यावर माझं बघणं बदललं. टांकसाळीतला कारागीर धातूच्या ठशावर चेहरा कोरायचा, आणि तो उलटा कोरायचा. नाण्यावर जे उंच दिसायला हवं ते ठशात खोल. नाक उजवीकडे हवं तर ठशात डावीकडे. अक्षरंही आरशातली. चेहऱ्याचा ठसा ऐरणीत घट्ट बसवायचे, वर चांदीची तापवलेली चकती ठेवायचे, तिच्यावर मागच्या बाजूचा ठसा धरायचे आणि घण घालायचे. एका घावात छापाही उठायचा आणि काटाही. चकती थोडी सरकली की सम्राटाचं कपाळ किंवा नावातलं एखादं अक्षर नाण्याबाहेर जायचं. ठसा झिजला, तडकला की पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा हाताने. म्हणजे हजारो नाणी पाडायची तर ठसेही ढिगाने लागणार, आणि त्यातला प्रत्येक ठसा कुणीतरी दिव्याजवळ किंवा खिडकीजवळ वाकून बसून कोरलेला असणार. चेहऱ्याला जागा किती? बोटाच्या पेराएवढीही नाही.

आणि नाव कुठेच नाही. सिसिलीतल्या सिराक्यूजच्या ग्रीक टांकसाळीत किमोन आणि युआयनेटोस या कारागिरांनी इ.स.पू. पाचव्या शतकाच्या अखेरीला आपल्या ठशांवर सह्या केल्या, त्यांची नाणी आज जग डोक्यावर घेतं. रोमच्या सम्राटांचे चेहरे कोरणाऱ्यांनी सही केली नाही.

आपल्या खिशातल्या नाण्यांवरचं चित्र उथळ असतं. ते कडेच्याही खाली राहतं, कारण नाणी एकावर एक रचायची असतात, यंत्रातून सरकायची असतात. रोमन नाण्याला असा काही धाक नव्हता. गालाचा उंचवटा खरंच उंच, जबड्याखालची सावली खरीच सावली. म्हणून ते समोरून उजेड टाकून बघू नये. बाजूने, तिरप्या उजेडात धरावं आणि सावकाश फिरवावं. डोळ्याची खोबण काळी होते, मग भुवईची कड चमकते, मग गाल पुढे येतो. आमच्या देवघरात खंडोबाचा एक टाक होता, पणजीच्या वेळचा. रोज पुसून पुसून त्याचं नाक सपाट झालं होतं, तरी समईच्या उजेडात चेहरा दिसायचा. रोमन नाण्यांची झीजही अशीच असते. जे सगळ्यात उंच ते आधी जातं. नाकाचा शेंडा, कानावरचे केस, गाल. झिजलेल्या नाण्यातही मूळ ठशाचा बांधा चांगला असेल तर चेहरा टिकतो. बांधा कच्चा असेल तर तेवढ्याच झिजेने त्याचा नुसता गोळा होतो. कारागीर कसा होता हे झिजलेल्या नाण्यावरून जास्त कळतं असं माझं ठाम मत आहे.

आई इथे आली होती त्या उन्हाळ्यात मी तिच्या हातात भिंग आणि फाउस्तिना दिली. तिने चेहऱ्याकडे बघितलंच नाही. ती केस बघत होती. फाउस्तिनाचे केस कपाळापासून लाटांसारखे मागे नेलेले, मागे त्यांच्या वेण्या घातलेल्या, आणि त्या वेण्या वर आणून टाळूवर वेटोळ्यासारख्या बसवलेल्या. मधून मोत्यांची सर. हे सगळं त्या कारागिराने रेषांनी आणि टिंबांनी दाखवलंय.

“हा अंबाडा मानेवर नाही, वर टाळूवर आहे बघ,” आई म्हणाली. “आणि अगं, हे एकटीने होणारं नाही. मागे कुणीतरी उभी असणार हिच्या.” मग थोड्या वेळाने, “नुसत्या केसांच्या आकड्यांवर हे उभं कसं राहील?”

मागे उभी असायची, हे खरंच. श्रीमंत रोमन घरांत केस बांधणाऱ्या दासी असत. आणि आकड्यांचं म्हणाल तर आईचा प्रश्न अभ्यासकांनाही पडायला हवा होता, पण त्यांनी बराच काळ ‘केसांचा टोप घालत असतील’ असं म्हणून तो सोडून दिला. बाल्टिमोरच्या जॅनेट स्टीफन्स या व्यवसायाने केस करणाऱ्या. त्यांनी प्रत्यक्ष डोक्यांवर हे अंबाडे घालून पाहिले आणि दाखवून दिलं की रोमन बायकांच्या वेण्या सुईदोऱ्याने शिवून जागच्या जागी बसवता येतात, टोपाची गरज नाही. २००८ साली त्यांचा लेख पुरातत्त्वाच्या नामांकित नियतकालिकात आला. मी आईला फोनवर हे सांगितलं तेव्हा तिला जराही नवल वाटलं नाही.

आईने बघितल्यावर मीही केस बघायला लागले, आणि तेव्हा कळलं की सात कारागिरांनी तो अंबाडा सात तऱ्हांनी समजून घेतलाय. एकाला वेणीचा पेड न् पेड माहीत आहे, कोण कुणाच्या खालून जातो हे त्याने पाहिलेलं आहे. एकाने अंबाड्याऐवजी टोपलीच काढून ठेवली आहे. एकाला केसांत रस नाही, त्याचा सगळा जीव गळ्याच्या त्या दोन वळ्यांत.

सम्राटांच्या चेहऱ्यांमागे धोरण असायचं, हे पुस्तकांतून कळतंच. ऑगस्टस साठीत पोचला होता तेव्हाची, फ्रान्समधल्या ल्योंच्या टांकसाळीतली नाणी आहेत. मागे त्याचे दोन दत्तक मुलगे ढाली-भाले घेऊन उभे, आणि पुढे तो स्वतः, विशीतल्या तरुणासारखा. त्याच्या नाण्यांनी त्याला कधी म्हातारं होऊ दिलं नाही. इ.स. ६९ मध्ये आलेला व्हेस्पेशियन याच्या नेमका उलट. टक्कल, आखडलेलं कपाळ, जाड मान. त्याला म्हातारा शिपाईगडी दिसणंच सोयीचं होतं. हे सगळं खरं आहे, पण धोरण दरबारातून येतं आणि हात टांकसाळीतला असतो. मला त्या दोघांमधल्या फटीत जास्त गोडी आहे.

ती फट मला सगळ्यात स्पष्ट दिसली मॅक्सिमिनसमध्ये. इ.स. २३५ मध्ये ऱ्हाईनच्या सरहद्दीवर, आजच्या माइन्झजवळ, सैनिकांनी सम्राट सेव्हेरस अलेक्झांडर आणि त्याच्या आईला मारलं आणि मॅक्सिमिनसला गादीवर बसवलं. हा बाल्कनमधल्या थ्रेस प्रांताचा, शिपाईगिरीतून वर आलेला. सम्राट म्हणून त्याने रोममध्ये पाऊलही टाकलं नाही. इ.स. २३८ मध्ये उत्तर इटलीतल्या अक्विलेयाच्या वेढ्यात त्याच्याच सैनिकांनी त्याला संपवलं. तीन वर्षांची कारकीर्द, सगळी छावणीत. पण नाणी रोममध्ये पाडायची होती, आणि ती लगेच हवी होती, कारण सैनिकांचे पगार थांबत नाहीत.

माझ्याकडे त्याची दोन नाणी आहेत. पहिलं सुरुवातीचं. नाव मॅक्सिमिनसचं, पण चेहरा बघावा तर मेलेल्या अलेक्झांडरचा भास होतो. हलका जबडा, कोवळा गाल, नीट बसलेली दाढी, वर थोडं वय चढवलेलं. नवा सम्राट दिसतो कसा हे रोममध्ये ठशावर बसलेल्या माणसाला माहीत नव्हतं. तेरा वर्षं त्याचा हात अलेक्झांडर काढत आला होता, नाव बदललं तरी हात त्याच वळणाने गेला. ते नाणं हातात घेतलं की मला त्या माणसाची अडचण कळते. समोर रिकामा ठसा, हुकूम आलेला, आणि चेहरा ठाऊक नाही.

दुसरं नाणं त्यानंतरचं. नावापुढे ‘जर्मानिकस’ (जर्मनांना जिंकणारा) ही पदवी लागली आहे, म्हणजे २३६ किंवा पुढचं. मधल्या काळात छावणीतून खरा नमुना येऊन पोचलेला असणार, कारण इथे हनुवटी उभी राहिली आहे. पुढे आलेली, जड, नांगराच्या फाळासारखी. भुवईचा कंगोरा डोळ्यावर आलेला, गालावर खोल रेघ. बराच नंतर लिहिलेल्या आणि फारशा भरवशाच्या नसलेल्या एका चरित्रात म्हटलंय की हा आठ फुटांहून उंच होता आणि बायकोची बांगडी अंगठ्यात अंगठीसारखी घालायचा. दंतकथाच ती. पण ज्याने ही हनुवटी कोरली त्याला दंतकथेची गरज पडली नाही. चेहरा मिळाल्याबरोबर तो त्यावर तुटून पडलाय. इतक्या दिवसांची गुळगुळीत कोवळीक सोडून त्याला एकदाचं हाड मिळालं होतं, आणि ते हाड कोरतानाचा आनंद मला त्या नाण्यात स्पष्ट दिसतो. हेही नाणं कॉमनच. इथल्या दोन माणसांच्या साध्या जेवणाएवढी किंमत.

तिसऱ्या शतकात पुढे चांदी आटत गेली. सम्राट गॅलिएनसच्या अखेरच्या वर्षांत, २६७-२६८ च्या सुमारास, नाण्यात चांदी नावालाच उरली होती, तांब्यावर पातळ मुलामा. त्याचा बाप व्हॅलेरियन २६० मध्ये इराणच्या शापूरच्या हाती जिवंत सापडला होता, साम्राज्याचे तुकडे पडत होते. आणि अशा वेळी रोमच्या टांकसाळीतून बाहेर पडत होती हरणं, काळवीट, चित्ता, अर्धा माणूस अर्धा घोडा असा सेंटॉर, पंखांचा घोडा. सम्राटाच्या रक्षणासाठी डायना, अपोलो अशा देवांना घातलेलं साकडं होतं ते, आणि हे प्राणी त्या देवांचे. घाईत पाडलेली, वेडीवाकडी नाणी. तरी एखाद्या ठशावरचं हरीण मागे वळून बघताना मान अशी वळवतं की कारागिराने रानात हरीण पाहिलंय याबद्दल शंका राहत नाही.

असंच एक हरणाचं नाणं माझ्या हातून गेलं. नवी होते, त्यावर हिरवट-काळा थर होता, आणि घरी तांबं-पितळ चिंचेने घासतात तसं मी ते चिंचेने घासलं. थर गेला, उरलासुरला चांदीचा मुलामा गेला, आणि त्यासोबत गॅलिएनसच्या दाढीचे केस आणि हरणाचा पाय गेला. सतराशे वर्षं मातीत राहिलेल्या तांब्याच्या नाण्यात बारकावा पुष्कळदा त्या थरातच उरलेला असतो, खाली धातू पोखरलेला असतो, हे मला माहीत नव्हतं. ते लालसर, उघडं नाणं मी अजून जपून ठेवलंय. त्यानंतर एकाही नाण्याला मी पाण्यापलीकडे काही लावलेलं नाही, आणि नवीन कुणी विचारलं तर आधी हेच सांगते.

प्रोबसबद्दल खरं तर वेगळं लिहायला हवं. २७६ ते २८२ असा जेमतेम सहा वर्षं तो सम्राट होता, पण त्याच्या काळात आजच्या क्रोएशियातल्या सिसाकच्या टांकसाळीत, तेव्हाच्या सिस्कियात, कारागिरांना जणू मोकळीक मिळाली. शिरस्त्राण घातलेला प्रोबस, खांद्यावर भाला टाकून डावीकडे बघणारा प्रोबस, नक्षीच्या जड वस्त्रात हाती गरुडाचा राजदंड धरलेला प्रोबस. ढालीवर कधी आणखी एक घोडेस्वार कोरलेला, तांदळाच्या दाण्याएवढा. नाणं तांब्याचं, रोजच्या वापराचं, सैनिकाच्या मुठीतून दारूवाल्याकडे जाणारं. त्या ढालीवरचा घोडा कुणी बघणार होतं का? तरी तो कोरलाय. पुढे सम्राट डायोक्लेशियनने २९३ मध्ये राज्य चौघा सम्राटांत वाटून घेतलं आणि चौघांचे चेहरे एकाच चौकोनी साच्यातले झाले. त्या नाण्यांचंही कौतुक करणारे आहेत. मला ती पटकन ठेवून द्यावीशी वाटतात.

इंग्लंडातल्याच टाँटनच्या संग्रहालयात एक मडकं आहे. २०१० मध्ये सॉमरसेटमधल्या फ्रोमजवळच्या शेतात सापडलं, त्यात ५२,५०३ रोमन नाणी होती, वजन १६० किलोच्या घरात. बहुतेक तिसऱ्या शतकातली किरणमुकुटवाली तांब्याची नाणी. त्या काचेपाशी उभी असताना माझ्या मनात सोनंनाणं, खजिना असलं काही आलं नाही. बावन्न हजार चेहरे, एवढंच आलं.

त्याच काळात गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या पट्ट्यात, आणि ब्रिटनमध्ये सरकारी नाणी पुरेनाशी झाली तेव्हा लोकांनी आपापली पाडली. तिथला तेव्हाचा सम्राट टेट्रिकस, त्याच्या नाण्यांची नक्कल करायची. सरकारी टांकसाळीबाहेरच्या या कारागिरांपैकी कित्येकांना लॅटिन वाचता येत नसावं. त्यांनी अक्षरांच्या जागी उभ्या काड्या ओढल्या. मुकुटाचे किरण काट्यांसारखे उभे केले. डोळा म्हणजे एक टिंब, दाढी म्हणजे पाच रेघा. काही नाणी तर मुगवडीएवढीच. जाणकार त्यांना रानटी म्हणतात. माझ्याकडे असं एक आहे, आणि त्यातला चेहरा मला वारली चित्रातल्या माणसाइतका पुरता वाटतो. त्याने जे ठेवलं तेवढ्यानेच माणूस होतो.

एकाच माणसाचे इतके वेगळे चेहरे बघितले की घोटाळा कसा होतो, याचं उदाहरण माझ्या माहेरच्या जिल्ह्यातच आहे. १९०६ साली नाशिकजवळच्या जोगलटेंभीला क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त. नहपानाचं राज्य रोमशी व्यापार करणाऱ्या पट्ट्यातलं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशी-व्यापाऱ्याने नोंदवून ठेवलंय की भडोचच्या बंदरात रोमन सोन्याचांदीची नाणी आणली तर नफ्यात बदलून मिळतात. नहपानाच्या नाण्यांवरही बाजूने दिसणारा चेहरा आहे, भोवती ग्रीक अक्षरं. पण कुठे तो तरुण, कुठे गाल बसलेला म्हातारा, कुठे नाक बाकदार, कुठे सरळ. ज्या अभ्यासकाने साठा पहिल्यांदा तपासला त्याला वाटलं, ही एका माणसाची नसून त्याच्या घराण्यातल्या अनेकांची चित्रं असावीत. आणि त्यातल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपले ठसे पुन्हा मारले, नहपानाच्या गालावरच डोंगराची खूण उठवून. भिंगातून नीट बघितलं तर त्या खुणेखाली एखादा डोळा अजून दिसतो.

मला सवय लागली आहे ती कान बघण्याची. एकोणिसाव्या शतकात जोव्हान्नी मोरेल्ली नावाच्या इटालियन जाणकाराने चित्रं कुणाची हे ठरवण्यासाठी कान आणि नखं बघायला सुरुवात केली. त्याचं म्हणणं असं की चेहऱ्याकडे चित्रकार लक्ष देतो, पण कान काढताना हात आपल्या सवयीने चालतो. ठशांनाही हे लागू पडतं. माझ्या पहिल्या फाउस्तिनाचा कान विचित्र आहे. कानाची पाळी त्याने कोरलेलीच नाही. एक स्वल्पविराम, आणि त्याखाली सुटं, टोकदार हत्याराने टोचलेलं एक टिंब. डूल असेल असं मला आधी वाटलं होतं. इतर सहा नाण्यांत असा कान नाही. इतरांनी छापलेल्या, संग्रहालयांनी ठेवलेल्या चित्रांतही मी शोधत राहिले. फाउस्तिना विपुल आहे म्हणूनच हे जमतं. दुर्मिळ पर्टिनॅक्सचे कान जुळवायचे म्हटलं तर जुळवणार कुणाशी?

गेल्या महिन्यात आठवी फाउस्तिना घेतली. बरीच झिजलेली, नाक जवळजवळ गेलेलं, म्हणून स्वस्त. मागची बाजू वेगळी, पहिलीवर शाश्वततेची देवता आहे, हिच्यावर हातात कणसं घेतलेली धान्याची देवता सेरेस. पुढचा ठसाही वेगळा, अक्षरं वेगळ्या जागी तुटतात, अंबाडा थोडा उंच आहे. घरी आल्यावर कोट न काढताच ती खिडकीत नेली आणि तिरपी धरली. लाटांसारखे केस मागे जातात, मोत्यांची सर संपते, आणि तिथे स्वल्पविराम आहे. त्याखाली टिंब.

पहिली फाउस्तिना काढून शेजारी ठेवली. उजेड जाईपर्यंत दोघींना फिरवत बसले.